खाजणातली हिरवी गोगलगाय

झाड आपले अन्न आपण तयार करते आणि प्राणी ते आयते खातो, हा भेद आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. एका रकान्यात उत्पादक, दुसऱ्या रकान्यात उपभोक्ते. कामगार चळवळीत हयात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला ही विभागणी ऐकताक्षणीच आवडते, आणि जे ऐकताक्षणीच आवडते ते दोनदा तपासून घ्यावे, हे आम्हांला त्याच चळवळीने शिकविले आहे. निसर्गात या दोन रकान्यांमधल्या रेषेवरच बसकण मारलेले काही जीव आहेत. त्यांपैकी एका जीवाची हकीकत येथे सांगावयाची आहे. आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे वाचले, विचारले आणि समजले, तेवढेच सांगणार आहो.

हा जीव म्हणजे समुद्रातली एक बिनशंखाची गोगलगाय. शास्त्रात तिचे नाव इलिशिया क्लोरोटिका. ऑगस्टस गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने केलेले तिचे वर्णन १८७० साली छापले गेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेस कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत, ती आढळते. मात्र आढळते म्हणजे जागोजाग दिसते असे नव्हे. लांबी इंच-सव्वा इंच, क्वचित दोन इंचांच्या वर. अंगाच्या दोन्ही बाजूंस पातळ पदर असतात. ते उलगडून ती चिखलावर पसरली म्हणजे गळून पडलेले एखादे हिरवेगार पानच वाटावे. पानाला देठ असावे तसे पुढे डोके, आणि पानाला शिरा असाव्यात तशा सर्वांगावर शिरा. या शिरा म्हणजे तिच्या पचनसंस्थेच्या शाखा आहेत. इतर प्राण्यांचे पोट एका जागी असते. हिचे पोट अंगभर पसरलेले आहे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याची किल्ली या अंगभर पोटात आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

प्रथम ती राहते ती जागा पाहू. आपल्या कोकणात खाडीकाठच्या ज्या भागात भरतीचे पाणी शिरते आणि ओहोटीला उतरते, त्याला खाजण म्हणतात. आपल्या खाजणात खारफुटीची झाडे उभी असतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा कडक, तेथे खारफुटी तगत नाही. तिच्या जागी खारे पाणी सोसणारे उंच गवत मैलोगणती वाढते. भरतीला अर्धे बुडते, ओहोटीला उघडे पडते. या गवताच्या मुळांशी शिंपले चिखलात अर्धे पुरून बसलेले असतात. नराची एक नांगी अवाढव्य मोठी असते अशा लहान खेकड्यांची बिळे असतात. त्याच जातकुळीचे खेकडे आपल्याकडील खाड्यांच्या चिखलातही ओहोटीला नांगी हालवीत असतात. गवतामधून वळणावळणाचे ओहोळ जातात आणि मध्येमध्ये उथळ डबकी साचतात. या डबक्यांत व ओहोळांत, गुडघाभरही नसलेल्या पाण्यात आमची गोगलगाय राहते.

ही जागा राहावयास सोपी नाही. पाऊस पडला की डबक्याचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि ऊन तापले की समुद्राहून खारे होते. साधा सागरी जीव अशा उलथापालथीत फुगून वा आकसून मरावयाचा. इलिशिया दोन्ही सोसते. समुद्राच्या दुपटीहून अधिक खारे पाणीही तिला मानवते. ज्या चिखलावरून नाकाला रुमाल लावून माणसे निघून जातात, तेथे टिकून राहणे ही तिची पहिली करामत. दुसरी करामत अधिक प्रसिद्ध आहे.

त्या चिखलावर मखमलीसारखे एक शेवाळ वाढते. त्याचे नाव व्हॉशेरिया लिटोरिया. त्याचा एकेक धागा म्हणजे एक लांब नळी. बांबूला पेरे असतात. एक पेर फुटले तरी दुसरे शाबूत राहते. या धाग्याला पेरेच नाहीत, आतून तो सरळ मोकळा. गोगलगायीच्या तोंडात दातांची एकेरी रांग असते आणि तिचा पुढचा दात मोच्याच्या आरीसारखा चालतो. त्या दाताने ती धाग्याला भोक पाडते आणि आतला सगळा माल शोषून घेते. त्या मालात शेवाळाचे हरितलवक असतात. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनविणारी सूक्ष्म यंत्रे ती हीच. प्रत्येक हिरव्या पानाची हिरवाई म्हणजे या यंत्रांची गर्दी होय.

आता कोणताही प्राणी पालेभाजी खातो तेव्हा ही यंत्रे पोटात जातातच. आपणही मेथी खातो. म्हणून आपण हिरवे होत नाही, कारण यंत्राचा चेंदामेंदा होऊन ते पचून जाते. इलिशिया शेवाळाचे बाकी सर्व पचविते, पण हरितलवक मात्र शाबूत ठेवते. अंगभर पसरलेल्या पोटाच्या पेशी त्यांना आपल्या आत घेतात आणि तेथे ती यंत्रे पुढे चालू राहतात. प्रयोगशाळेत एकदा पोटभर शेवाळ दिलेल्या गोगलगायी पुढे नऊ-दहा महिने खाण्याचा कण न देता, केवळ उजेडात ठेवून जगल्या आहेत. तिचे आयुष्यच मुळी जेमतेम तेवढे. म्हणजे बालपणी एकदा जेवावे आणि उरलेला जन्म उन्हात पडून काढावा, असा हा संसार दिसतो.

हा प्रकार इलिशियाच्या कुळात असल्याचे प्रथम जपानमध्ये स्पष्ट झाले. १९६५ साली कावागुती आणि यामासू या दोघांनी या कुळातील एका जपानी जातीच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आतल्या हिरव्या कणांना तोवर शेवाळाच्या अख्ख्या पेशी समजत असत. ते नुसते हरितलवक आहेत असे त्यांना दिसले. घरमालक नाही, नोकर नाहीत, नुसते यंत्र! पुढे १९६९ साली रॉबर्ट ट्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्राण्याच्या पेशीत बसलेली ही यंत्रे खरोखर काम करतात, असे दाखवून दिले. लवकांच्या या उचलेगिरीला शास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतील ‘चोर’ या शब्दावरून नाव दिले आहे. मराठीत लवकचौर्य म्हणावे.

चोरी म्हणताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या शेवाळाचा माल चोरला, त्या शेवाळाकडे तरी तो वडिलोपार्जित होता काय? नव्हता. व्हॉशेरियाच्या फार प्राचीन पूर्वजाने एका लाल शैवालाला गिळले आणि त्याचे हरितलवक आपलेसे केले. त्याहूनही मागे गेले तर हरितलवक म्हणजे मुळात एक स्वतंत्र जीवाणू, जो कोणा एका पेशीने पोटात घेतला आणि पचविला नाही. तेव्हा गोगलगायीच्या हाती लागलेला माल तिसऱ्यांदा हात बदललेला आहे. मालमत्तेच्या पावित्र्याविषयी फार बोलणाऱ्यांनी हा इतिहास सवडीने वाचावा. असो.

आता खरा पेच सांगतो. कारखान्यात काम केलेल्या माणसाला तो लगेच कळेल. यंत्र पळवून आणता येईल. पण ते चालू ठेवावयाचे कसे? पट्टा तुटतो, बेअरिंग झिजते. सुटा भाग पाहिजे, तो बनविण्याचा नकाशा पाहिजे आणि बसविणारा फिटर पाहिजे. हरितलवक हे तर असे यंत्र आहे की ते चालण्यानेच मोडते. ज्या उजेडावर ते चालते, तोच उजेड त्याचा एक मुख्य भाग सतत जाळीत असतो, आणि तो भाग पुनःपुन्हा नवा बसवावा लागतो. हरितलवकाला लागणाऱ्या प्रथिनांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक प्रथिनांचे नकाशे, म्हणजे जनुके, लवकात नसतात. ती शेवाळाच्या केंद्रकात, म्हणजे मुख्य कचेरीत असतात. गोगलगायीने यंत्र ठेवून घेतले आणि कचेरी तर पचवून टाकली! मग नऊ महिने दुरुस्ती करतो कोण?

२००८ साली याचे एक दिपवून टाकणारे उत्तर आले. अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या मेरी रम्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॉशेरियाच्या लवकातील संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला, आणि त्याबरोबर असेही लिहिले की हरितलवकाला लागणारे शेवाळाच्या केंद्रकातील एक जनुक गोगलगायीच्या स्वतःच्या जनुकांत सापडले आहे. म्हणजे तिने नुसते यंत्र पळविले नाही, तर नकाशेही उतरवून घेऊन आपल्या वंशाच्या दप्तरी जमा केले. सिडनी पिअर्स हे या गोगलगायीचे दुसरे जुने अभ्यासक. त्यांच्या गटाचेही म्हणणे याच दिशेचे होते. वनस्पतीचे जनुक प्राण्यात! जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘अर्धा प्राणी, अर्धी वनस्पती’ म्हणून ही बातमी उचलली.

आम्हीही उचलली, हे कबूल करतो. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही ही गोष्ट कितीदा तरी सांगितली. नुसते यंत्र हाती येऊन भागत नाही, यंत्राचे ज्ञान हाती आले पाहिजे. पाहा, एक गोगलगायसुद्धा हे जाणते, असा आमचा दृष्टांत असे. टाळ्याही पडत. एका वर्गानंतर डिप्लोमा झालेला एक तरुण कामगार शांतपणे म्हणाला, “साहेब, ते पुढे खोटे ठरले ना?” आम्ही घरी येऊन शोध घेतला. तो म्हणत होता ते बरोबर होते.

झाले असे. पेशीत शेवाळाचा माल भरलेला असताना तेथे शेवाळाचे जनुक सापडले, तर ते गोगलगायीचे की पोटात आलेल्या मालाचे, हे ठरविणे कठीण. अंड्यात मात्र हरितलवक जात नाहीत. म्हणून अंड्यांतील जनुकद्रव्य घेऊन ते वाचावयाचे. ते काम २०१३ साली रटगर्स विद्यापीठाचे देबाशिष भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. अंड्यांत शेवाळाच्या जनुकांचा पुरावा मिळाला नाही. नकाशे वंशपरंपरा उतरले, या म्हणण्याचा आधारच गेला. या निबंधाच्या लेखकांत एक नाव मेरी रम्फो यांचे आहे! पाच वर्षांपूर्वी जिच्या नावाने तो शोध गाजला, तीच बाई तो शोध तपासून मागे घेणाऱ्यांत सामील झाली. आमच्या क्षेत्रात भर सभेत केलेले विधान पुढच्या सभेत मागे घेणारे पुढारी आम्ही बोटांवर मोजण्याइतके पाहिले आहेत, म्हणून या गोष्टीचे आम्हांला विशेष वाटते. वाद तेथेच मिटला असे मात्र नव्हे. पिअर्स यांच्या गटाने २०१४ साली निराळ्या पद्धतीने असे एक जनुक गोगलगायीच्या गुणसूत्रावर दिसल्याचे लिहिले. पण पारडे आज दुसऱ्या बाजूला झुकलेले आहे. आम्हीही पुढच्या वर्गात उभे राहून आधीचा दृष्टांत चुकीचा होता असे सांगितले. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत.

मग दुरुस्ती कोण करतो? उत्तराचा बराच भाग यंत्रातच मिळाला. हरितलवक मुळात स्वतंत्र जीवाणू असल्यामुळे त्याने थोडे नकाशे स्वतःजवळ राखलेले असतात. किती आणि कोणते राखले, हे जातीजातीत निराळे. जमिनीवरच्या झाडांत, जळालेला भाग काढून टाकणाऱ्या प्रथिनाचा नकाशा केंद्रकात जाऊन बसला आहे. व्हॉशेरियाच्या लवकात तो अजून लवकापाशीच आहे. नवी प्रथिने जुळविण्याच्या कामातील एक आवश्यक घटकही तसाच. थोडक्यात, काही यंत्रांबरोबर हत्यारांची पेटी येते आणि काहींबरोबर येत नाही. इलिशियाने पेटीवाले यंत्र उचलले. झाडाचे लवक पेशीबाहेर काढले तर ते लवकर निकामी होते. व्हॉशेरियाचे लवक दांडगे आहे. ज्या टिकाऊपणाचे श्रेय आपण चोराला देत होतो, त्यातला मोठा वाटा मालाचा आहे.

दुसरा प्रश्न याहूनही अवघड निघाला. ही यंत्रे चालतात हे खरे. पण गोगलगाय त्यांच्यावरच जगते काय? २०१४ साली एका जर्मन गटाने इलिशियाची एक भूमध्य समुद्रातील जात आणि तिची एक नातलग जात घेऊन त्यांना अंधारात उपाशी ठेवले. उजेडाशिवाय यंत्र बंद. तेव्हा त्या मराव्यात अशी अपेक्षा. त्या मेल्या नाहीत. अंधारातही महिनोगणती तगून राहिल्या. यावरून काही जण म्हणू लागले की हरितलवक म्हणजे कारखाना नसून कोठार आहे. उपासमार झाली की गोगलगाय ती यंत्रेच हळूहळू पचवून खाते. २०२१ साली त्याच भूमध्य जातीवरील प्रयोगात असे दिसले की उजेडातल्या माद्या— माद्या म्हणणेही चूक, कारण प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते— उजेडातल्या गोगलगायी अधिक अंडी घालतात, आणि लवकात तयार झालेला माल अंडी बनविणाऱ्या अवयवांपर्यंत पोचतो. म्हणजे कारखानाही आहे. आणि २०२५ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी कॅरिबियन समुद्रातील एका जातीत दाखविले की चोरलेले लवक पेशीत मोकळे नसून एका खास पिशवीत बंद असतात. खाणे मिळते तोवर पिशवीतील परिस्थिती लवकाला पोषक राखली जाते आणि उपासमार लांबली म्हणजे तीच पिशवी पचनाची भट्टी होते. त्या वेळी त्या गोगलगायीचा हिरवा रंग जाऊन ती पिवळी-नारिंगी पडते.

ही निरीक्षणे बहिणीबहिणींची आहेत, खाजणातल्या आपल्या इलिशियाला ती जशीच्या तशी लावता येणार नाहीत. लवक इतके महिने टिकविण्यात ती सर्वांत पुढे आहे. पण तिच्याही बाबतीत २०१४ सालच्या एका अभ्यासात आढळले की पिल्लाने निदान सात दिवस सलग शेवाळ खाल्ले तरच लवक कायमचे बसतात. त्याआधी खाणे तोडले तर ते टिकत नाहीत. त्या आठवड्यात पिल्लाच्या पेशींत चरबीचे थेंब साठू लागतात. नुसत्या उन्हावर संसार चालतो असे आम्ही वर म्हटले, ते ‘दिसते’ असे म्हटले होते, हे वाचकांच्या लक्षात असेलच. ऊन, साठवण आणि शेवटी यंत्राचे भंगार, या तिन्हींवर तो चालतो.

तिचा जन्मक्रमही सांगून टाकू. वसंतात ती चिकट दोऱ्यांत अंडी घालते. त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात. गंमत अशी की या अळीला शंख असतो. पूर्वजांची तेवढी खूण राहिली आहे. दोन-तीन आठवडे ती पाण्यात तरंगत सूक्ष्म जीव खाते. मग तिला व्हॉशेरिया भेटले पाहिजे. त्या शेवाळाचा स्पर्श झाला तर शंख टाकून देऊन तिची गोगलगाय होते. न भेटले तर तेथेच कथा संपली. नवे पिल्लू तपकिरी असते, अंगावर लाल ठिपके. शेवाळाचे पहिले घोट पोटात गेले की हिरवे होऊ लागते. आईबापांची यंत्रे वारशाने मिळत नाहीत. प्रत्येक पिढीने आपली आपण मिळवावयाची. अंडी घालून झाल्यावर वसंताअखेर सारी मोठी पिढी जवळजवळ एकदम मरते. १९९९ साली अशा मरणाऱ्या गोगलगायींच्या पेशींत विषाणू आढळल्याचे पिअर्स यांच्या गटाने प्रसिद्ध केले. तेव्हा वर्षातून काही आठवडे या जातीचा सारा वंश सूक्ष्म अळ्यांच्या रूपाने पाण्यात तरंगत असतो, आणि त्या आठवड्यांनंतर त्याच डबक्यात तेच शेवाळ शिल्लक असण्यावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

आणि डबके शिल्लक राहीलच असे नाही. न्यू इंग्लंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून खाजणांचा एक तृतीयांशाहून अधिक भाग नाहीसा झाला आहे. बॉस्टन शहराने तर आपली बहुतेक खाजणे भराव घालून बुजविली. तेथल्या एका मोठ्या भरावाचे नाव बॅक बे. काम १८५०च्या दशकाअखेर सुरू झाले. मुंबईकरांना हे नाव परके वाटणार नाही, कारण आपल्याही बॅक बेची कथा तीच आहे.

उरलेल्या खाजणांवर १९३०च्या दशकात निराळेच संकट आले. ते सांगताना आमची जीभ थोडी अडखळते. महामंदीचा काळ होता, लाखो हात रिकामे होते. सरकारने बेकारांना काम द्यावे म्हणून कामे काढली. त्यांत डास मारण्यासाठी खाजणांत सरळ रेषेत चर खणण्याचे काम होते. फावडे घेऊन माणसे चिखलात उतरली आणि १९३८पर्यंत मेनपासून व्हर्जिनियापर्यंतच्या मूळ खाजणांपैकी सुमारे नव्वद टक्के खाजणांत चरांचे जाळे झाले. चरांनी डबकी उपसून टाकली. आणि डबकी म्हणजेच शेवाळाची व गोगलगायीची जागा. चर खणणाऱ्याला दोष देणे आम्हांला कदापि जमणार नाही. घरी चूल पेटत नसताना कोणी फावडे हातात देऊन मजुरी देतो म्हणाला, तर माणूस खणतो, आणि त्याने खणावेच. पण ते काम कोणते असावे हे ठरविणाऱ्यांनी चिखलात काय जगते हे कोणाला विचारले नाही, आणि आमच्यासारख्या कामाची मागणी करणाऱ्यांनीही तो प्रश्न तेव्हा केला नाही, हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने खाजणे बुजविण्याला आळा घालणारा कायदा केला. त्या देशात तो या प्रकारचा पहिला.

आता त्याच राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्रेट मार्श नावाच्या मोठ्या खाजणात ते जुने चर बुजविण्याचे काम चालते. पद्धत साधी आहे. खाजणातले गवत कापावयाचे, त्याचे थर चरात अंथरून दाबून बसवावयाचे. भरतीबरोबर येणारा गाळ त्या गवतात अडकतो, चर थोडा वर येतो. मग पुढच्या हंगामात पुन्हा गवत. फावड्याने एका दिवसात खणलेला चर असा भरून यायला वर्षे लागतात.